धापा टाकणारा वाल्व्ह

सत्यवती घरतला कारखान्यात सगळे मॅडम म्हणायचे आणि माहेरी, ओवे गावात, सती. दोन्हीकडे तिच्याबद्दल एकच तक्रार होती. ही बाई एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की हिला जेवणाची शुद्ध राहत नाही आणि समोरच्यालाही ती जेवू देत नाही.

तिचे वडील देवजी ठाकूर भातशेती करायचे. नव्या शहरासाठी ओव्याच्या जमिनी गेल्या तेव्हा सत्यवती शाळेत होती. पुढे बारावी झाल्यावर तिनं ठाण्याला तंत्रनिकेतनात जायचं म्हटलं, तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. मुलीनं रोज एसटीनं एवढं लांब जायचं, आणि तेही यंत्रांचं शिकायला. देवजींना ते पटेना. शेवटी आई गोदूबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "शेत गेला. आता पोरांची डोकी हायेत तेवढीच आपली. तिचा चालत असंल तर चालू द्या." आणि सत्यवती ठाण्याला जाऊ लागली.

उपकरणशास्त्राचा, म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनचा, डिप्लोमा घेऊन ती तळोज्याच्या एका कारखान्यात लागली. तिथे रंगासाठी लागणारं रेझिन, राळेसारखा चिकट माल, बनत असे. पहिल्या दिवशी स्टोअरमधल्या माणसानं तिला टायपिस्ट समजून खुर्ची पुसून दिली होती. ती खुर्चीवर बसली नाही. तिनं पाना आणि पेचकस मागितला. तो माणूस पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट स्वतःच हसत हसत सांगायचा.

लग्नानंतर ती पनवेलला लाइन आळीत दोन खोल्यांत राहायला आली. नवरा हरेश एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. संध्याकाळी दोघंही हाताला वंगण लावून घरी यायची आणि मोरीत आधी कोणी जायचं यावरून रोज हुज्जत व्हायची.

कारखान्यात चार केटल होत्या. केटल म्हणजे मजलाभर उंचीचा पोलादाचा बंद हंडा. त्यात तेलं आणि भुकट्या घालून तासन्‌तास शिजवायच्या. हंड्याच्या बाहेरून दुसरी भिंत होती आणि त्या दोन भिंतींमधून तापवलेलं तेल फिरायचं. किती तेल सोडायचं ते एक वाल्व्ह ठरवायचा, आणि वाल्व्हनं किती उघडायचं ते कंट्रोल रूममधला संगणकासारखा एक डबा ठरवायचा. माल शिजत आला की तिथून पुढे फार जपावं लागे. उष्णता जरा वर गेली की माल घट्ट होत जाई, आणि हाताबाहेर गेली तर हंड्यातल्या हंड्यात दगड होई. त्याला कारखान्यात बॅच जेल झाली म्हणत. सत्यवती नोकरीला लागल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. त्यात तिचा वाटा मोठा होता. केटलचे सेन्सर, वाल्व्ह, तारा, सगळं तिच्याच देखरेखीखाली होतं.

जुना डबा संथ होता. पडद्यावरचा आकडा बदलायला इतका वेळ घ्यायचा की ऑपरेटर म्हणायचे, तोवर चहा पिऊन येऊ. चौथी केटल जोडल्यावर तर तो फारच रेंगाळायला लागला. सत्यवतीच मागे लागली होती की हा बदला. दोन वर्षं ती हेच सांगत होती. अखेर १९९४च्या दिवाळीनंतर नवा डबा आला. जुन्यातला प्रोग्राम जसाच्या तसा नव्यात चढवला गेला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, वर्क्स मॅनेजर दीनानाथ कर्णिक यांनी मुख्य कचेरीला फोन करून सांगितलं की काम फत्ते. डबा बसवायला मुंबईहून मितेश दोशी नावाचा इंजिनिअर आला होता. तो एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरला होता. कामाला चोख होता आणि बोलायला गोड. जाताना तो सत्यवतीला म्हणाला, "मॅडम, आता आराम करा. जुन्यापेक्षा हा कितीतरी पटीनं फास्ट आहे."

फास्ट होताच. पडद्यावरचे आकडे पापणी लवायच्या आत बदलत. सगळे खूश होते. सत्यवतीही खूश होती.

पण थोड्याच दिवसांत तिला एक आवाज खटकायला लागला. केटलचा वाल्व्ह हवेच्या दाबावर हलतो. तो हलला की फस्स असा बारीक आवाज येतो. पूर्वी तो आवाज मधूनच कधीतरी यायचा. आता पहिल्या केटलचा वाल्व्ह सारखा फस्स-फस्स करायला लागला. उघडतोय, मिटतोय, परत उघडतोय. आणि पडद्यावरची उष्णतेची रेघ, जी सरळ चालायला हवी, ती वरखाली व्हायला लागली.

सत्यवतीनं निदान केलं की वाल्व्ह खराब झालाय. तिनं ठामपणे तसं सांगितलं, केटल बंद ठेवायला लावली, वाल्व्ह उतरवला, आतली रबरं बदलली, परत चढवला. दुपारी चारही केटल चालू झाल्या तेव्हा रेघ सरळ होती. कर्णिकसाहेबांनी तिची पाठ थोपटली. पुढच्या सुट्टीनंतरच्या सकाळी वाल्व्ह पुन्हा धापा टाकायला लागला. मग तिनं तारा तपासल्या आणि हवेचा दाब पाहिला. तेवढं होईपर्यंत दुपार झाली आणि रेघ आपोआप सरळ झाली. तिनं मितेशला फोन लावला. तो म्हणाला, डबा नवाकोरा आहे, बिघाड केटलकडेच असणार. तिलाही तेच वाटत होतं.

असं दोनतीनदा झालं. दरवेळी दुपारनंतर सगळं ठीक व्हायचं आणि लोक विसरायचे. सत्यवती विसरली नव्हती, पण तिच्या हातीही काही लागत नव्हतं.

मग एका साप्ताहिक सुट्टीनंतर, सकाळच्या पाळीला, पहिल्या केटलची बॅच गेली.

पाळीवर कमलाकर भोईर होता. कामोठ्याचा माणूस, केटलवर आयुष्य गेलेला. सत्यवती कारखान्याच्या बसमधून उतरली तेव्हा वरच्या मजल्यावर गलका चालला होता. ती जिना चढून गेली. कमलाकर हातानं वाल्व्ह आवळून उभा होता आणि हंड्याच्या झाकणातून जळकट वास येत होता. आतला ढवळणारा पंखा अडकून थांबला होता. पंखा थांबला म्हणजे काय झालं हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

कर्णिकसाहेब वर आले. त्यांनी केटलकडे बघितलं, मग कमलाकरकडे. "तू कुठे होतास?"

"इथंच होतो साहेब."

"इथंच होतास तर रेघ वर जाताना दिसली नाही?"

दुसऱ्या दिवशी कमलाकरच्या हातात मेमो पडला: कामावर असताना दुर्लक्ष. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसायला सांगण्यात आलं. मुख्य कचेरीतून फोनवर फोन येत होते. नवा डबा वाईट असेल असं तिथं कुणाच्या मनातही येत नव्हतं, आणि कर्णिकसाहेबांच्याही नाही. मग दोष माणसाचाच.

सत्यवती त्या दिवशी घरी आली आणि मोरीत जायची घाई न करता उंबऱ्यावर बसून राहिली. हरेशनं विचारलं तेव्हा म्हणाली, "कमलाकरदादा झोपणारा माणूस नाय. डबा मीच आणायला लावला. आता काय बिघडलाय ते मलाच शोधायला पाहिजे."

"आणि नाय सापडला तर?"

"तर काय, शोधत राहीन."

केटलमधला दगड फोडायला ठेकेदारानं माणसं आणली. डोंगराकडच्या वाडीवरचे कातकरी होते, एरवी वीटभट्टीवर आणि बांधकामावर जाणारे. त्यांचा म्होरक्या धोंडी नावाचा, हाडकुळा पण घणाचा हात भारी असलेला. वरच्या भोकातून दोर सोडून दोघं दोघं आत उतरायचे आणि छिन्नी-हातोड्यानं रेझिन फोडून बादल्यांतून वर पाठवायचे. आत वास असा होता की बाहेर उभ्या माणसाचे डोळे चुरचुरत.

सत्यवतीला सेन्सर बघायचा होता. सेन्सर हंड्याच्या आत एका नळीत असतो. त्या नळीवर मालाची पुटं चढली तर उष्णता उशिरा कळते, असा तिचा कयास होता. ती कुणाला तरी आत पाठवून विचारू शकली असती. तिनं साडीवर चढवायचा खाकी कोट घट्ट बांधला, तोंडाला ओला रुमाल बांधला आणि दोराला हात घातला.

धोंडी खालून बघत होता. "बाय, तू कशाला आत येतंस? सांग ना काय बघायचाय ते."

"माझा मनाच बघू दे," ती म्हणाली आणि उतरली.

आत अंधार होता. दिव्याच्या उजेडात भिंतीला चिकटलेलं रेझिन मधासारखं पिवळं दिसत होतं आणि पायाखाली टणक होतं. तिनं नळी शोधली, वरचं पुट खरवडलं, सेन्सर बाहेर काढला. त्यात काहीही खराबी नव्हती. तिचा दुसरा तर्कही चुकला होता. तरी ती लगेच वर आली नाही. धोंडी आणि त्याचा जोडीदार कसे वाकून घाव घालताहेत, मधूनमधून कसे थांबताहेत, हे ती बघत राहिली. थोड्या वेळानं तिचंच डोकं गरगरायला लागलं.

वर आल्यावर ती आधी भिंतीला टेकून बसली. मग ती सरळ स्टोअरमध्ये गेली, हवा फेकणारा मोठा ब्लोअर मागून घेतला, आणि वायरमनला सोबत घेऊन केटलच्या खालच्या भोकाला स्वतः जोडून दिला. ठेकेदाराला तिनं सांगितलं की एका जोडीनं फार वेळ आत राहायचं नाही, ती इथून बघत राहील. ठेकेदार म्हणाला, मॅडम, काम लांबेल. ती म्हणाली, लांबू दे. आणि ती खरंच काम संपेपर्यंत रोज तिथे येऊन उभी राहायची.

रविवारी हरेशच्या स्कूटरवर बसून ती कामोठ्याला गेली. कमलाकर अंगणात जाळं विणत बसला होता. तिला बघून उठला नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

"कमलाकरदादा, मी कंपनीची म्हणून नाय आले," सत्यवती म्हणाली. "त्या सकाळी काय काय झाला ते मना सांग. पहिल्यापासून."

"सांगून काय व्हनार? साहेबांना वाटतंय मी झोपलो."

"मना नाय वाटत."

गाठी मारता मारता तो बोलायला लागला. सकाळी सुट्टीआधीचा अर्धा शिजलेला माल परत तापायला लावला तेव्हाच वाल्व्ह धापा टाकत होता. रेघ वर जायची, परत खाली यायची. दरवेळी खाली येत होती म्हणून तो गप्प राहिला; वाटलं, दुपारी होतंय तसं आपोआप बसेल. मग एकदा रेघ वर गेली ती आलीच नाही. "तवा मी धावलो. पन वाल्व्ह मिटला तरी आत शिरलेला तेल तापलेलाच ना. ते काय लगेच थंड व्हतंय? माझा चुकला हाय, बाय. मी आदी हातात घेयाला पायजे व्हता. पन झोपलो नव्हतो."

"दुसऱ्या केटल?"

"दुसऱ्या कुठं चालू व्हत्या? सुट्टीनंतर आमीच पयले लावतो. बाकीच्या दहा-अकरानंतर लागतान."

सत्यवतीनं पेला खाली ठेवला. तिनं त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग तिनं आठवून आठवून आधीच्या सगळ्या बिघाडाच्या सकाळी मोजल्या. प्रत्येक वेळी पहिली केटल एकटी चालू होती. प्रत्येक वेळी बाकीच्या लागल्या की हिचं दुखणं बरं झालं. इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं की सकाळी तेल थंड असतं म्हणून त्रास होतो. पण तेल तर जुन्या डब्याच्या काळीही थंडच असायचं.

परतीच्या वाटेवर कळंबोलीच्या नाक्यावर हरेश म्हणाला, "मागं बसली हायेस ना?" तेव्हा ती म्हणाली, "काम कमी असला की जास्त बिघडतो. असा कोन बिघडतो?"

सोमवारी ती कर्णिकसाहेबांच्या खोलीत गेली. तिनं सांगितलं की तिला नव्या डब्यावर संशय आहे, पण पुरावा अजून नाही. वाल्व्हविषयी ती चुकली होती आणि सेन्सरविषयीही. कर्णिकसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हा डबा तुम्हीच मागितलात. दोन वर्षं माझं डोकं खाल्लंत."

"हो सर."

"आता मी मुख्य कचेरीला काय सांगू? डबा बंद ठेवतो? कारखाना बंद ठेवतो?"

"कारखाना चालू राहील. केटल हातानं चालवू. प्रत्येक केटलच्या वाल्व्हपाशी एक माणूस, आणि कंट्रोल रूममधून एकानं आकडे सांगायचे. आधी असंच चालायचं. ज्यांना येतं ते नव्यांना शिकवतील. माझ्यासमोर दिवसा शिकतील, रात्री तेच चालवतील." कायद्यानं बायकांना रात्रपाळी नव्हती, त्यामुळे रात्री काय होईल याची काळजी तिला दिवसाच करून ठेवावी लागे. "फक्त मला कमलाकर भोईर परत हवेत. हातानं चालवायला त्यांच्याइतकं कुणाला येत नाही."

"त्याची चौकशी चालू आहे."

"चौकशी चालू राहू दे, सर. पण चौकशी त्यांच्या चुकीची आणि डब्याच्या चुकीची, दोन्हींची व्हायला हवी. नाहीतर उद्या दुसरी केटल जाईल आणि आपण दुसऱ्या माणसाला मेमो देऊ."

कर्णिक हे काही वाईट गृहस्थ नव्हते. पनवेलचेच, जुन्या शिस्तीचे. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. केटलमधून बादल्या वर येत होत्या, ते त्या खिडकीतून दिसत होतं. मग म्हणाले, "आठवडाभर. त्यापुढे मला थोपवता येणार नाही."

कमलाकर परत आला. पहिल्या दिवशी तो आपलं काम करत राहिला, पण पोरं हातानं वाल्व्ह फिरवताना चुकायला लागली तसा त्याला राहवेना. "आरं, हलका. भाकरी परतायची हाय, मुसळ नाय हानायचा." हळूहळू त्याच्याभोवती माणसं जमायला लागली. आठवडा कठीण गेला. लोकांचे हात दुखायला लागले, पण एकही बॅच बिघडली नाही.

मितेश मुंबईहून आला तो जरा नाराजच होता. सत्यवतीनं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं फक्त एक चाचणी करून बघू म्हटलं. साफ झालेल्या पहिल्या केटलमध्ये त्यांनी नुसतं तेल भरलं, म्हणजे चुकलं तरी दगड व्हायची भीती नाही. चारही केटलचे वाल्व्ह डब्याच्या ताब्यात दिले. पहिली केटल शांतपणे तापायला लागली, रेघ सरळ चालली.

"ठीक आहे की," मितेश म्हणाला.

"आता बाकीच्या तीन डब्यातून काढा. पूर्ण. त्याला एकच केटल दिसू दे."

त्यानं तसं केलं. थोड्याच वेळात खालून आवाज आला. फस्स. मग पुन्हा. मग फस्स-फस्स-फस्स. रेघ डोलायला लागली. मितेश पडद्याकडे बघत राहिला.

"परत जोडा," सत्यवती म्हणाली.

त्यानं तिन्ही केटल परत जोडल्या. वाल्व्हच्या धापा विरळ होत गेल्या आणि थांबल्या. त्यानं न सांगताच पुन्हा काढल्या. धापा पुन्हा सुरू झाल्या. आता तो नाराज राहिला नव्हता. त्यानं खुर्ची पुढे ओढली, बाह्या वर केल्या आणि प्रोग्राम उघडला. एकेक ओळ तो मोठ्यानं वाचत गेला आणि सत्यवती शेजारी बसून ऐकत गेली. जे तिला कळेना ते ती विचारायची, आणि विचारल्यावर समजावून सांगताना कधी कधी त्यालाच थबकायला व्हायचं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तो असाच थबकला.

"मॅडम, इथे बघा. उष्णता कमी आहे असं दिसलं की हा वाल्व्ह थोडा उघडतो. अजून कमी असेल तर अजून थोडा. पण किती वेळानं? हे सेकंदात दिलेलंच नाही. प्रत्येक फेरीला, असं लिहिलंय."

"फेरी म्हणजे?"

"सगळे सेन्सर एकदा वाचून झाले की एक फेरी. जुना डबा हळू होता. एक फेरी होईस्तोवर आधी सोडलेल्या तेलाची ऊब आत पोचायची. ज्यानं लिहिलं त्यानं त्या वेगाच्या अंदाजानं लिहिलं."

"आणि नवा तेवढ्या वेळात कितीतरी फेऱ्या मारतो," सत्यवती म्हणाली. "ऊब पोचायच्या आतच अजून अजून उघडत सुटतो. मग ती सगळी ऊब एकदम पोचली की घाबरून मिटतो."

"आणि एकच केटल चालू असली की बाकीच्यांचे सेन्सर तो वाचतच नाही, म्हणजे फेरी आणखी लहान."

"म्हणून एकटी असताना बिघडते."

डब्यात खरोखर काहीच बिघडलं नव्हतं. तो फक्त फार वेगवान होता, आणि त्याला हुकूम देणारा जुना प्रोग्राम संथ डब्यासाठी लिहिलेला होता. मितेश म्हणाला, "लिहिला दुसऱ्यानं, पण उचलून इथे मी ठेवला. वाचायला हवा होता." सत्यवती म्हणाली, "मी पण वाल्व्ह उगाच सोलून काढला. आता हे दुरुस्त कसं करायचं ते बघू. आधी जेवून घ्या पण." कारखान्यात ही गोष्ट पुढे बरीच चघळली गेली, कारण सत्यवती घरतनं आपण होऊन कुणाला जेवायला उठवलं असं ते पहिल्यांदाच घडत होतं.

मितेशनं प्रोग्राम फेऱ्यांऐवजी घड्याळाकडे बघेल असा केला. दोन दिवस नुसत्या तेलावर, मग कमलाकरला वाल्व्हपाशी उभं करून खऱ्या मालावर, त्यांनी तो पारखला. पुढच्या साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी पहिली केटल एकटी चालू झाली. कंट्रोल रूममध्ये गर्दी झाली होती. वाल्व्हनं एकदा फस्स केलं आणि तो मग बराच वेळ गप्प बसला. रेघ सरळ चढली, हव्या त्या ठिकाणी वळली आणि तिथेच राहिली.

कर्णिकसाहेबांनी त्या दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मेमो मागे घेतल्याचं सांगितलं. ते कमलाकरच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "भोईर, मी घाई केली." कमलाकर उभा राहिला आणि त्यानं साहेबांना बसायला बाकावर जागा करून दिली. साहेब बसले आणि तिथेच जेवले.

संध्याकाळी सत्यवतीनं कर्णिकसाहेबांकडे आणखी एक गोष्ट मागितली. डबा आता नीट चालतोय, पण केटल सुरू होताना आणि माल शिजत येताना वाल्व्हपाशी माणूस कायम राहायला हवा. नव्या डब्यामुळे जी माणसं ड्रम भरायच्या शेडमध्ये हलवली होती, त्यातली दोघं परत हवीत. कर्णिक म्हणाले, "तुमचं मागणं संपतच नाही." पण माणसं परत आली.

मितेशनं मुंबईला जाऊन, जिथे जिथे त्यांच्या कंपनीनं जुना प्रोग्राम नव्या डब्यात चढवला होता तिथे तिथे तो बदलून घेतला. एके ठिकाणी, गुजरातेत, वाल्व्ह धापा टाकायलाही लागला होता. त्यानं फोनवर हे सत्यवतीला सांगितलं. पावसाळ्याआधी धोंडी पत्र्याच्या कामाला कारखान्यात आला, तेव्हा तिनं ते त्याला सांगितलं. तो शिडीवरूनच म्हणाला, "मंजे तिकडं कोनाला आत उतरायला लागला नाय?"

"नाय."

"बरा झाला," तो म्हणाला आणि पत्रा ठोकायला लागला.

कमलाकरला मात्र एक गोष्ट लागून राहिली होती. पडद्यावरची रेघ आपल्याला नीट वाचता येत नाही, हे त्याला त्या सकाळी कळलं होतं. एके दिवशी पाळी संपल्यावर तो कंट्रोल रूमच्या दाराशी येऊन उभा राहिला. "बाय, ह्यो पडदा मना शिकव." वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा नाकावरून घसरणारा. ती शिकवायला कडक होती. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. तो वैतागायचा, उठून जायचा, दुसऱ्या दिवशी परत यायचा. वर्षभरात तो पडद्यासमोर कामाला बसायला लागला.

सत्यवती पुढे त्या विभागाची प्रमुख झाली. कर्णिकसाहेब निवृत्त झाले त्या समारंभात त्यांनी भाषणात तिचं नाव घेतलं, आणि म्हणाले की या बाईंनी मला एकदा एक आठवडा मागितला होता आणि मी तो जरा कुरकुरतच दिला होता. ती शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्याकडे सगळ्यांनी वळून बघितलं तेव्हा ती शेजारच्या नव्या मुलीला, जी त्याच वर्षी डिप्लोमा करून आली होती, चौथ्या केटलच्या सेन्सरविषयी काहीतरी समजावून सांगत होती आणि तिचं व्यासपीठाकडे लक्षच नव्हतं.